रौप्यमहोत्सवी डिस्को

डिस्को या विषयावर बंगळूरच्या आख्ख्या मल्लेश्वरममध्ये बोलायचा अधिकार फक्त आपल्याला आहे, याबद्दल येसाजीराव सालुंक्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकीच्यांनी डिस्को ऐकला असेल, येसाजीराव तो जगले होते! लेकीच्या खोलीतून धडाम-धुडुम सुरू झालं की हातातला पेपर खाली ठेवून ते दारात जाऊन उभे राहत.

"दिव्यश्री, हे गाणं आहे की पिठाची गिरणी?"

"अप्पा, हे डान्स मिक्स आहे. सगळं कॉलेज ऐकतंय."

"ह्यात डान्स कुठाय? नुसता मिक्सच आहे! डिस्को आमच्या वेळी होता. अठ्ठ्याहत्तर साल! ब्रिगेड रोड!"

ब्रिगेड रोड म्हटलं की दिव्यश्री हळूच हेडफोन चढवायची, कारण पुढचं तिला पाठ होतं. कारखान्यातून सुटलेली दोस्तमंडळी, शनिवारची संध्याकाळ, हॉटेलच्या तळघरातली ती काचेच्या फरशीची जागा, छताला गरगरणारा आरशांचा गोळा आणि त्याखाली पांढऱ्या पँटीतले येसाजीराव! पँटीचे पाय खाली इतके रुंद की ते चालत गेले की मागचा रस्ता झाडून स्वच्छ! ते नाचायला लागले की बाकीचे भिंतीला टेकून उभे राहायचे, असं ते सांगत. कौतुकानं की जिवाच्या भीतीनं, हे मात्र सांगत नसत.

हे सगळं पुराण चालू असताना अंबुबाई स्वयंपाकघरात शांतपणे कोथिंबीर निवडत असायच्या. बाईंचा स्वभावच तसा. भांडण नाही, तंडण नाही. त्या अठ्ठ्याहत्तर सालात, दिव्यश्री वर्षाची असताना, त्यांनी एकदाच विचारलं होतं, "मलाही एकदा न्या की हो तुमच्या त्या डिस्कोला." येसाजीराव ऐटीत म्हणाले होते, "पुढच्या शनिवारी नेतो." पुढच्या शनिवारी पोरीला ताप आला. त्याच्या पुढच्या शनिवारी कारखान्यात जादा काम निघालं. मग काय, शनिवारामागून शनिवार गेले, हॉटेलवाल्यानं तो आरशांचा गोळा उतरवला आणि जिथं लोक नाचायचे तिथं पानावर रस्सम वाढायला लागला. विषय संपला. अंबुबाईंनी पुन्हा कधी काढला नाही. पण तो येसाजीरावांना चपलेत गेलेल्या खड्यासारखा टोचत राहिला. दुखत नाही, पण चालू देत नाही!

आणि आता, सत्त्याण्णव साली, लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. येसाजीरावांनी बेत आखला. नातेवाईक बोलवायचे, छोटा समारंभ करायचा, जेवणं झाली की आपली जुनी डिस्कोची तबकडी लावायची, सगळ्यांसमोर अंबुबाईंपुढे हात करायचा आणि म्हणायचं, "चला!" बस्स! घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. समारंभ सगळ्यांना माहीत, नाच फक्त त्यांना!

जागेचा प्रश्न चुटकीसरशी सुटला. शेजारच्या घरात भीमाचार्य राहत. निवृत्त संस्कृत शिक्षक, कपाळावर गंध, आवाज घंटेसारखा. गल्लीच्या टोकाला त्यांच्या मंडळींचा भजनाचा हॉल होता आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

"देतो की. पण तिथं काय करणार येसाजीराव?"

"थोडी पूजा, जेवण, आणि मग स्वल्प संगीत."

"कसलं संगीत?" भीमाचार्यांनी डोळे बारीक केले.

"जुनं, आचार्य."

"तालासुरातलं?"

"ताल तर असा की बसलेला माणूस उठतो!"

"सरी, ठरलं!" आचार्य प्रसन्न झाले. "मग आमच्या भजनाच्या बायकांनाही आणतो. हल्ली जुनं ऐकायला मिळतं कुठे!"

येसाजीराव यात एक शब्दही खोटं बोलले नव्हते, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

मग त्यांनी कपाटावरून रेकॉर्ड प्लेअर खाली काढला. धूळ झटकली, वायर लावली, दिवा लागला, तबकडी काही हलेना! झाकण उघडून बघतात तर आतला रबरी पट्टा वितळून काळा पाक झालेला. एस. पी. रोडवर देवाप्पाचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं ते मशीन काखोटीला मारून गेले.

"सार," देवाप्पा म्हणाला, "हा बेल्ट आता कुठं मिळणार? कॅसेट घ्या की. दोन्ही बाजूंनी वाजते."

"कॅसेटवर डिस्को? उद्या म्हणशील बशीत इडली-सांबार आणि पेल्यात चटणी! काहीतरी कर."

देवाप्पानं सायकलची जुनी ट्यूब घेतली, कात्रीनं तिचं एक गोल कडं कापलं आणि पट्ट्याच्या जागी चढवलं. तबकडी फिरायला लागली. "ओडुत्ते सार! कशी पळतेय बघा!" येसाजीरावांना इतका आनंद झाला की ते दुकानाच्या पायरीवरच एक गिरकी घेणार होते, पण खाली गटार होतं.

उरला सराव. अंबुबाई सकाळी भाजी आणायला बाहेर पडल्या की येसाजीराव गच्चीवर जायचे. त्या काळची त्यांची एक खास अदा होती. डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट आभाळाकडे, कंबर एका बाजूला काढायची आणि तिथंच क्षणभर थांबायचं. अठ्ठ्याहत्तर साली क्षणभर थांबायचे. आता एकदा कंबर त्या बाजूला गेली की तिला परत आणायला जरा वेळ लागत होता, एवढंच!

शेजारच्या गच्चीवर भीमाचार्य सूर्याला पाणी घालत होते. त्यांनी हे दृश्य पाहिलं. माणूस कमरेवर हात दाबून उभा आहे, एक हात वर करून देवाला साकडं घालतोय, तोंड वेडंवाकडं झालंय, आणि सरळ होता येत नाहीये! आचार्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाच मिनिटांत ते खाली दारात, भाजी घेऊन परतलेल्या अंबुबाईंपुढे.

"अम्मा, यजमानांना वातानं धरलंय. कंबर पार गेली आहे. मी डोळ्यांनी पाहिलं!"

"अय्यो! मला तर काही बोलले नाहीत!"

"पुरुष बोलतात का? मीही बोललो नव्हतो. दोन महिने पडून होतो!"

अंबुबाई काळजीत पडल्या. संध्याकाळी त्या देवळातून आल्या, तर नेमके येसाजीराव माळ्यावरचे डिस्कोच्या काळातले उंच टाचांचे जुने बूट घालून दिवाणखान्यात फेऱ्या मारत होते. कडी वाजली तशी त्यांनी घाईनं एक बूट सोफ्याखाली सरकवला. दुसरा निघेना! पायात एकच टाच असलेला माणूस चालणार कसा? ते लंगडत लंगडत आतल्या खोलीत पसार झाले. अंबुबाईंनी फक्त पाठमोरे येसाजीराव पाहिले. शंका फिटली!

त्या रात्रीपासून तेल सुरू झालं. काढ्याच्या वासाचं, हिरवट, चिकट, औषधी तेल!

"अगं, माझ्या कमरेला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात. पालथे पडा."

"मग गच्चीवर काय करत होता ते तरी सांगा," असं अंबुबाईंनी विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. त्यांनी विचारलं नाही. येसाजीरावांनी सांगितलं नाही. गुपित राखायचं तर पालथं पडणं भाग होतं. सकाळ-संध्याकाळ मालिश. कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसानं आपलं टेबल खिडकीपाशी नेलं. बसमध्ये येसाजीराव चढले की बसायला जागा आपोआप मिळायला लागली.

इकडे अंबुबाईंनी येलहंक्याला भावाला फोन लावला. शंभूराज म्हणजे सहा फुटी गडी, बोलायला कमी आणि धरायला पक्का. "शंभू, समारंभात लोक तुझ्या दाजींना नाचा म्हणून आग्रह करतील. त्यांना जुनी खोड आहे. त्यांना उठू देऊ नकोस."

"सरी अक्का," शंभूराज म्हणाला. आणि शंभूराजचं सरी म्हणजे सरी!

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. रेशमी साड्या, मोगऱ्याचे गजरे, कोपऱ्यात चित्रान्न आणि म्हैसूरपाकाची ताटं. पहिल्या रांगेत भीमाचार्य आणि त्यांच्या मागे भजनाच्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर टाळ. निघण्यापूर्वी अंबुबाईंनी येसाजीरावांना शेवटचं तेल चोळलं होतं आणि त्या तेलानं माखलेल्या आपल्या हातांनी येसाजीरावांनी मशीनचा रबरी पट्टा एकदा नीट बसवून पाहिला होता. घात झाला तो तिथं! पण तेव्हा ते कुणाला कळणार?

पूजा झाली, हार घातले, जेवणं आटोपली. शंभूराजनं आणलेला फुलांचा गुच्छ एवढा अवाढव्य होता की टेबलावर ठेवल्यावर त्यामागचं मशीन दिसेनासं झालं. येसाजीराव माइकपाशी गेले, घसा खाकरला.

"मंडळी, आता आमच्या काळातलं थोडं संगीत."

सुई टेकली. ढिशिक-ढिशिक, ढिशिक-ढिशिक! एक विलायती बाई "बेबी, बेबी" करून हाका मारायला लागली. भजनाच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भीमाचार्यांच्या भुवया हळूहळू गंधापर्यंत पोचल्या. पण येसाजीरावांना कशाचंच भान नव्हतं. त्यांचा खांदा आपोआप उडायला लागला होता. हॉलच्या पलीकडच्या टोकाला अंबुबाई मोरपंखी साडीत उभ्या होत्या. येसाजीरावांनी हात पुढे केला, पहिलं पाऊल टाकलं...

आणि मागून दोन हात आले!

"दाजी! बसा!"

"शंभू, सोड!"

"अक्काला शब्द दिलाय."

"अरे पण तिच्याचकडे चाललोय मी!"

"तिच्याकडे बसूनही बघता येतं," शंभूराज म्हणाला, आणि त्यानं दाजींना खुर्चीत असं बसवलं की खुर्ची हातभर मागे सरकली.

तेवढ्यात गाण्याला काहीतरी व्हायला लागलं. विलायती बाई आधी थकली. मग तिचा आवाज घोगरा झाला. मग ती बाई न राहता बाप्या झाली, बाप्याचा रेडा झाला, आणि रेडा एक लांबलचक सुस्कारा टाकून गप्प! हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. टाचणी नाही, पण कुणाच्या तरी मांडीवरून टाळ पडला.

"अप्पा," दिव्यश्री धावत येऊन कुजबुजली, "मी म्हणत होते ना, कॅसेट लावूया!"

"मशीन बघायला तरी सोड!" येसाजीराव शंभूराजवर ओरडले. मशीन बघायला नाच लागत नाही, हे शंभूराजला पटलं. त्यानं सोडलं.

येसाजीराव गुच्छामागे गेले. तेल पिऊन पट्टा सैल पडला होता आणि घसरून बाजूला लोळत होता. त्यांनी तो चढवला, तो निसटला. पुन्हा चढवला, पुन्हा निसटला. पदरानं पुसला, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या मावशीच्या, तरी निसटला! सगळं गणगोत बघतंय, रौप्यमहोत्सवाचा बेत डोळ्यांदेखत बुडतोय. शेवटी काहीच सुचेना तेव्हा त्यांनी उजव्या हाताचं बोट तबकडीच्या मधल्या लाल कागदावर टेकवलं आणि तबकडी हातानंच फिरवली.

गाणं आलं!

आलं म्हणजे अगदी सावकाश आलं. धीरगंभीर, खर्जात, ओढत ओढत. "बे...ए...ए...बी... बे...ए...ए...बी..."

भीमाचार्यांनी मान तिरकी करून कान दिला. चेहऱ्यावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या.

"देवी! देवी म्हणतोय! देवीचं आहे हे!" ते मागे वळून म्हणाले. "उच्चार परदेशी आहेत, पण भाव बघा! चला, ताल धरा!"

टाळ वाजायला लागले. एकदा टाळ सुरू झाले म्हटल्यावर येसाजीरावांच्या बोटाला जोर आला. बोट जरा पळवलं, गाणं पळालं. टाळही पळाले! भजनाच्या बायकांची वर्षानुवर्षांची सवय, शेवटाकडे लय वाढणारच. दिव्यश्रीच्या मैत्रिणी उठल्या, येलहंक्याच्या भावजया उठल्या आणि कुणीतरी अंबुबाईंचा हात धरून त्यांना मध्ये ओढलं.

"नको गं, मला कुठं येतंय!" म्हणत म्हणत अंबुबाईंनी पदर खोचला.

येसाजीरावांनी गुच्छाच्या फटीतून पाहिलं. अंबुबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं, थबकल्या, लाजून हसल्या, मागे घेतलं. जाऊ दे तो गुच्छ नि ते मशीन, आता जायलाच हवं! त्यांनी बोट उचललं आणि टेबलाला वळसा घातला. दुसऱ्याच पावलाला मागे रेड्यानं सुस्कारा टाकला! नाचणारे जागच्या जागी थिजले. टेबलाजवळची मंडळी ओरडली, "अण्णा, बिडबेडा! सोडू नका, सोडू नका!"

"अप्पा, तुम्ही जा, मी फिरवते," दिव्यश्री म्हणाली. पोरगी गुणी. पण तिच्या कानात गिरणी बसलेली! तिनं तबकडी अशी फिरवली की बाईचा उंदीर झाला, सुई उडी मारून पुढच्या गाण्यात गेली आणि भीमाचार्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. शंभूराजनं बोट लावून पाहिलं, तर तबकडी पुन्हा रेड्यावर आली. येसाजीराव मुकाट्यानं परत गुच्छामागे गेले.

गाण्याची खरी लय किती, हे त्यांना आता आठवेना. सगळा गोंधळ झाला होता डोक्यात. मग ते अंबुबाईंच्या पायांकडेच बघायला लागले. पाऊल उचललं की बोट फिरवायचं, पाऊल टेकलं की जरा धरायचं. त्या गिरकी घ्यायला लागल्या की हे बोट पळवायचे. त्यांना धाप लागली की हे गाणं हळू करायचे. अंबुबाईंनी आधी भावजयीशी फुगडी घातली, मग लेकीच्या मैत्रिणींसारखे खांदे उडवून पाहिले, मग चक्क शंभूराजला मध्ये ओढून त्याच्याभोवती गोल फिरल्या. बाईंच्या अंगात हे सगळं कुठं दडलं होतं? पंचवीस वर्षं एका घरात राहून येसाजीरावांना पत्ता नव्हता! डोळ्यांत घाम गेला होता म्हणून त्यांनी बाहीनं डोळे पुसले. घामच असणार.

एक बाजू संपली की लोक म्हणत, "पुन्हा!" येसाजीराव पुन्हा सुई टेकवत. बोट लाल झालं, मग त्यावर फोड आला, मग ते आपलं आहे की दुसऱ्याचं हेच कळेना. अंबुबाई मधूनच गुच्छाकडे बघून हसत होत्या आणि येसाजीराव बोट न थांबवता जमेल तेवढी मान डोलावत होते.

शेवटी बायका दमून बसल्या. भीमाचार्य टेबलापाशी आले, दोन्ही हात जोडले.

"येसाजीराव, धन्य! दर शुक्रवारी आमच्याकडे भजन असतं. हे देवीचं तेवढं घेऊन याच. फक्त मधे जे जोरात होतं ना, ते नको. सुरुवातीचं, सावकाश, तेवढंच."

"सरी," येसाजीराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हॉलपासून घर म्हणजे एका गल्लीचं अंतर. दिव्यश्री उरलेला म्हैसूरपाक घेऊन पुढे गेली. येसाजीरावांच्या डाव्या काखेत मशीन, उजवा हात खिशात. अंबुबाई शेजारून चालत होत्या. गजरा सुटून खांद्यावर आला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला होता.

"दमले बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय, तुम्ही आपले एका जागी उभे! बरं झालं, कमरेला आराम पडला."

येसाजीरावांनी काखेतलं मशीन जरा वर सरकवलं.

थोडं पुढे गेल्यावर त्या आपल्याशीच हसल्या. "पण एक सांगू का? मला वाटलं होतं, फजिती होणार. मला काय ठाऊक तुमचा तो डिस्को! पण मी पाय उचलला की गाणं उचलायचं. मी थांबले की थांबायचं. मला दम लागला की त्यालाही लागायचा. माझ्याकडे बघून वाजत होतं जणू!" त्यांनी येसाजीरावांच्या काखेतल्या मशीनवर मायेनं हात फिरवला. "फार हुशार आहे हो हे! टाकू नका कधी."

येसाजीरावांनी खिशातलं बोट हळूच आणखी आत सरकवलं.

"जपानी आहे," ते म्हणाले.